२२५२ जिंकल्या, २२६६ हरल्या, तरी ब्रूस बोची एवढा मोठा मॅनेजर कसा?

प्रश्न असा आलाय की ब्रूस बोचीचं रेकॉर्ड बघितलं तर जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅचेसच जास्त आहेत, मग लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात, आणि मुळात बेसबॉलचा मॅनेजर डगआऊटमध्ये (मैदानाच्या कडेला टीम बसते तिथे) बसून करतो तरी काय? मी इकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ ईस्ट बेमध्ये बरीच वर्षं पोरांना बेसबॉल शिकवतोय, आधी लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) आणि आता हायस्कूलच्या वयाची मुलं, आणि जायंट्सच्या मॅचेस बॅरी बॉन्ड्स होता तेव्हापासून बघतोय, त्यामुळे जरा लांबच लिहिणार आहे.

आकडा खराच आहे. २८ सीझन, २२५२ विजय, २२६६ पराभव. पण त्याच माणसाच्या नावावर चार वर्ल्ड सिरीज (म्हणजे वर्षाच्या शेवटी होणारी फायनल) आहेत, २०१०, २०१२ आणि २०१४ सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर आणि २०२३ टेक्सस रेंजर्सबरोबर. चार किंवा त्याहून जास्त जिंकलेले मॅनेजर आख्ख्या इतिहासात सहाच झालेत. केसी स्टेंगल आणि जो मॅकार्थी सात-सात, कॉनी मॅक पाच, आणि वॉल्टर ऑल्स्टन, जो टॉरी आणि हा चार-चार. पोस्टसीझनमध्ये (सीझननंतरच्या ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत) बोचीच्या टीम्स ५७ जिंकल्या आणि ३७ हरल्या. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर साधारण माणूस आणि ऑक्टोबर आला की वेगळाच, असं कागदावर दिसतं. माझ्या मते तो सहाही महिने तेच काम करत असतो, ऑक्टोबरमध्ये फक्त ते आपल्याला दिसतं एवढंच.

क्रिकेट बघत मोठे झालेल्यांना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. क्रिकेटमध्ये बुमराहला दोन ओव्हर देऊन बाजूला ठेवता येतं आणि शेवटी परत आणता येतं. बेसबॉलमध्ये पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) काढलं की तो गेला, त्या मॅचमध्ये परत येणार नाही. बॅटरचंही तेच. आणि हे ठरवणारा मैदानावरचा कॅप्टन नसतो, मॅनेजर असतो, म्हणून तर साठीतला माणूस खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालून तिथे बसलेला दिसतो. आज कोण खेळणार, कुठल्या नंबरवर, पिचर कधी काढायचा, त्याच्या जागी कोण, पिंच हिटर (ऐनवेळचा बदली बॅटर) आत्ता वापरायचा की दोन इनिंगनंतर लागेल म्हणून राखून ठेवायचा, हे सगळं तोच बघतो. वर्षाला १६२ मॅचेस, जवळजवळ रोज एक, आणि २६ जणांची टीम. आज जिंकण्यासाठी तीन रिलीव्हर (स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, त्याच्यानंतर येणारे पिचर) पिळून काढले तर उद्या आणि परवा काय करणार? सगळ्या धंद्याचं मूळ इथे आहे.

त्यात एक गोष्ट टीव्हीवर कधीच नीट दिसत नाही ती म्हणजे बुलपेनमधला, म्हणजे रिलीव्हर बसतात आणि तयार होतात तिथला, वॉर्मअप. रिलीव्हरला फोन करून उठवलं, त्याने वीस-पंचवीस बॉल टाकले, अंग गरम झालं आणि मग त्याला सांगितलं बस खाली, गरज नाही. स्कोअरकार्डवर त्याचं नावसुद्धा येत नाही पण हात तर वापरला गेला ना! असं आठवड्यातून तीनदा केलं की ऑगस्टपर्यंत त्या पोराचा खांदा संपतो, आणि वर तो मनातून मॅनेजरला शिव्या घालतो ते वेगळंच. बोचीचं जे कौतुक त्याच्या हाताखालचे पिचर करतात ते बऱ्याच अंशी याच कारणासाठी, उगाच उठवायचा नाही, आणि उठवलं की बहुतेक वेळा वापरायचा. जायंट्समध्ये त्याच्या बरोबर पिचिंग कोच डेव्ह रिगेटी होता, तो स्वतः जुना क्लोजर (मॅचची शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर), त्यालाही श्रेय द्यायला हवं.

बोचीला हे कुठून जमलं? तो कॅचर होता, म्हणजे बॅटरच्या मागे, प्लेटमागे बसून पिचरचा बॉल झेलणारा, आणि तोसुद्धा बॅकअप कॅचर. जन्म १९५५ चा, फ्रान्समध्ये, कारण वडील अमेरिकन आर्मीत तिथे पोस्टिंगवर होते. १९७८ ते १९८७ मध्ये ॲस्ट्रोज, मेट्स आणि सॅन डिएगो पाद्रेज या टीम्स मिळून ३५८ मॅचेस खेळला, सरासरी .२३९, होमरन २६. थोडक्यात, खेळाडू म्हणून कोणाच्या लक्षात राहावा असा नव्हता. हो, एक मात्र आहे, ११ सप्टेंबर १९८५ ला पीट रोझने सर्वाधिक हिटच्या विक्रमात टाय कॉबला मागे टाकणारा ४१९२ वा हिट मारला तेव्हा प्लेटमागे कॅचर बोची होता. आणि त्याचं डोकं इतकं मोठं की टीम बदलली तरी नवीन हेल्मेट डोक्यात जायचं नाही, मग जुन्यालाच नव्या टीमचा रंग मारला असा किस्सा आहे.

कॅचर हा एकटाच खेळाडू असा की ज्याचं तोंड उरलेल्या आठ जणांकडे असतं. प्रत्येक बॉल तो मागतो, पिचरचा मूड त्याला कळतो, अंपायरशी दोस्ती त्याला ठेवावी लागते. आणि बॅकअप असला तर आठवड्यातले पाच दिवस बेंचवर बसून हेच बघत राहायचं. टॉरी, माइक सोशा, जो जिरार्डी असे मॅनेजर झालेले, सगळे कॅचरच. मी पण माझ्या टीममध्ये ज्या पोराला पुढे कोचिंग करायचंय असं वाटतं त्याला थोडे दिवस तरी प्लेटमागे बसवतो, पोरं कुरकुर करतात, गुडघे दुखतात म्हणतात, पण खेळ तिथूनच समजतो.

खेळणं संपल्यावर बोची सरळ वर नाही गेला. १९८९ पासून पाद्रेजच्या मायनर लीग टीम्स (खालच्या पातळीवर नवीन पोरं तयार करणाऱ्या) सांभाळल्या, स्पोकेनपासून सुरुवात, मग रिव्हरसाईड, हाय डेझर्ट, विचिटा. बसचा प्रवास, साधी हॉटेलं, एकोणीस-वीस वर्षांची पोरं, त्यात काही जणांना धड इंग्लिश येत नाही, त्यांना घराची आठवण येतेय. तिथे चारपैकी तीन टीम्सना त्याने चॅम्पियन केलं. मग दोन सीझन पाद्रेजचा थर्ड बेस कोच आणि १९९५ च्या सीझनपासून मॅनेजर, नेमणूक झाली तेव्हा वय ३९.

सॅन डिएगोची बारा वर्षं नीट बघितली की ते २२६६ पराभव कुठून आले ते कळतं. १९९६ ला शेवटच्या सिरीजमध्ये डॉजर्सला तिन्ही मॅचेस हरवून डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, त्याला मॅनेजर ऑफ द इयर मिळालं. १९९८ ला ९८ विजय, टोनी ग्विन, ट्रेव्हर हॉफमन, केव्हिन ब्राऊन, ग्रेग वॉनचे ५० होमरन, वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, तिथे यँकीजने चार-शून्य धुतलं. आणि लगेच त्या हिवाळ्यात टीम मोडली. ब्राऊन डॉजर्सकडे गेला, वॉनचा ट्रेड झाला, बाकीचेही पांगले. पुढची पाच वर्षं, १९९९ ते २००३, दरवर्षी पराभव जास्त, २००३ ला तर ६४-९८, म्हणजे ६४ विजय आणि ९८ पराभव. आता या पाच वर्षांत मॅनेजर काय करणार हो? चांगला मॅनेजर खराब टीमला वर्षाला चार-पाच मॅचेस जास्त जिंकून देत असेल, माझा अंदाज, त्याच्या वर नाही. टीम बनवायची जनरल मॅनेजरने, पैसा द्यायचा मालकाने. पण रेकॉर्ड लागतं मॅनेजरच्या नावावर. २००५ आणि २००६ ला त्याने परत डिव्हिजन जिंकली तरी त्याला दुसरीकडे बोलणी करायला मोकळं सोडलं, आणि तो त्याच डिव्हिजनमधल्या जायंट्सकडे आला. २००७ ला बॉन्ड्सचा विक्रमी ७५६ वा होमरन झाला तेव्हा मॅनेजर हाच होता, टीम मात्र ७१-९१.

तीन वर्षांनी नियतीची गंमत बघा, २०१० ला सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी जायंट्सने डिव्हिजन जिंकली ती पाद्रेजलाच ३-० हरवून. त्या टीममध्ये कोण होते? कोडी रॉस वेव्हर्सवरून (दुसऱ्या टीमला नको झालेल्यांच्या यादीतून) उचललेला, पॅट बरेल दुसऱ्यांनी सोडून दिलेला, ऑब्री हफला कोणी विचारत नव्हतं. बॅटिंग यथातथा. पण पिचिंग सोनं होतं, लिन्सिकम, मॅट केन, सांचेझ, आणि २१ वर्षांचा मॅडिसन बमगार्नर, आणि कॅचर बस्टर पोझी, तोही नवखाच.

मला कोणी विचारलं की बोची समजायला एकच मॅच बघायची तर कुठली, तर मी २०१० ची फिलाडेल्फियामधली एनएलसीएसची (नॅशनल लीगच्या फायनल सिरीजची, जिंकणारा वर्ल्ड सिरीजला) सहावी मॅच सांगेन. लोक २०१४ सांगतात, तिच्याबद्दल पुढे बोलू. या मॅचमध्ये जोनाथन सांचेझ सुरुवातीपासून भरकटलेला, पहिल्याच इनिंगला दोन रन गेले. तिसऱ्या इनिंगमध्ये अजून एकही आऊट नाही, आधी वॉक (चार बॉल बाहेर टाकले म्हणून बॅटर फुकट बेसवर), मग बॅटरला बॉल लागला, आणि त्यावरून दोन्ही डगआऊट रिकामे होऊन मैदानात गर्दी झाली. गर्दी पांगली आणि बोचीने सांचेझला काढला. तिसरी इनिंग! म्हणजे अजून सात इनिंग बुलपेनला टाकायच्या आहेत, परक्या मैदानावर. जेरेमी ॲफेल्टने दोन इनिंग टाकल्या, मग बमगार्नर, जो एरवी स्टार्टर, त्याने दोन, मग हाविएर लोपेझ एक, मग लिन्सिकम, तोसुद्धा स्टार्टर, त्याने एकच आऊट घेतला आणि दोघांना बेसवर येऊ दिलं, तर लगेच त्यालाही काढून क्लोजर ब्रायन विल्सनला आठव्या इनिंगमध्येच बोलावलं. सात इनिंगमध्ये फिलीजचा एकही रन नाही. ३-२ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजला गेले.

यात बघण्यासारखं हे की कोणावरही भावनेने थांबला नाही. लिन्सिकम म्हणजे लागोपाठ दोन साय यंग (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) मिळवलेला, शहराचा लाडका, त्याला एक आऊटवर उचलायचं म्हणजे हिंमत लागते. ती हिंमत कुठून येते तर आधीच्या सहा महिन्यांतून, कारण त्या सहा महिन्यांत याने त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, वाईट दिवशी प्रेससमोर त्याची बाजू घेतलेली असते. मग ऑक्टोबरमध्ये काढलं तरी खेळाडू हातातला बॉल देतो आणि गप जाऊन बसतो.

२०१२ ला हेच आणखी ठळक दिसलं. लिन्सिकमचं ते वर्ष फार वाईट गेलं, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढे चांगले) ५.१८, तर बोचीने पोस्टसीझनमध्ये त्याला बुलपेनमध्ये टाकलं, आणि त्याने तिथे येऊन इनिंगच्या इनिंग झकास टाकल्या. दुसरीकडे बॅरी झिटो, १२६ मिलियन डॉलरचं काँट्रॅक्ट, २०१० ला त्याला पोस्टसीझनच्या टीममध्येच घेतलं नव्हतं, आख्ख्या ऑक्टोबरमध्ये बसून राहिला बिचारा. त्याच झिटोला २०१२ ला सेंट लुईसमध्ये, सिरीज १-३ अशी मागे, हरलो तर घरी, अशा मॅचला बॉल दिला आणि त्याने सात इनिंग आणि वर दोन आऊट एवढं टाकून एकही रन दिला नाही. मग वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच पण तोच जिंकला, तीही डेट्रॉइटच्या स्टार पिचर व्हरलँडरसमोर. दोन वर्षांपूर्वी अपमान गिळलेला माणूस अशा वेळी का उभा राहिला, तर बोचीने त्याला टीममधून वगळलं होतं पण माणूस म्हणून टाकून दिलं नव्हतं, असं मला वाटतं. माझ्या पातळीवर सांगतो, पंधरा वर्षांच्या मुलाला बेंचवर बसवायचं असेल तर ते लाइनअपच्या कागदावर त्याला वाचायला लावायचं नाही, आदल्या दिवशी बाजूला घेऊन स्वतः सांगायचं. आई-बाप तरीही नाराज होतात, पण मुलगा टिकतो.

आता २०१४, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, कॅन्सस सिटी. बमगार्नरची गोष्ट सगळ्यांना माहितीये, दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर येऊन पाच इनिंग, ६८ बॉल, शून्य रन, ३-२ विजय. पण मॅनेजर म्हणून मला त्याच्या आधीचं जास्त आवडतं. स्टार्टर टिम हडसन, ३९ वर्षांचा, आयुष्यात पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला पोचलेला, आणि त्याला बोचीने दुसऱ्या इनिंगमध्ये दोन आऊट असताना काढलं. स्कोअर २-२ झाला होता. कोणीही म्हणालं असतं अरे थांब, इतका अनुभवी माणूस आहे, सावरेल. पण सातव्या मॅचला सावरायला वेळ द्यायचा नसतो. ॲफेल्टने दोन इनिंग आणि वर एक आऊट एवढं सांभाळलं, तोवर जायंट्सने तिसरा रन काढला, आणि मग पाचव्या इनिंगला बमगार्नर. नवव्या इनिंगला दोन आऊटनंतर ॲलेक्स गॉर्डनचा बॉल आउटफिल्डमध्ये सुटला आणि तो थर्ड बेसवर, म्हणजे बरोबरीच्या रनपासून एकच बेस लांब, पोचला तेव्हा बुलपेनमध्ये ताजा माणूस होता, पण बोची हलला नाही. पुढच्या बॅटरचा बॉल वर उडाला, सँडोव्हालने झेलला, संपलं. एकाच मॅचमध्ये एकाला फार लवकर काढलं आणि एकाला काढलंच नाही.

मग तो चुकतच नाही का? चुकतो ना. २०१६ ला पोस्टसीझनमध्ये शिकागो कब्सविरुद्ध चौथी मॅच, मॅट मूरने आठ इनिंग अप्रतिम टाकल्या, १२० बॉल झाले, ५-२ पुढे. नवव्या इनिंगला बोचीने मूरला काढलं आणि एकामागोमाग पाच रिलीव्हर वापरले, लॉ, लोपेझ, रोमो, स्मिथ, स्ट्रिकलँड. चार रन गेले, ६-५ हरले, सीझन संपला. लोक अजून म्हणतात मूरला ठेवायला हवं होतं. मला तसं वाटत नाही, १२० बॉल खूप झाले. गडबड त्याच्या नंतर झाली, एकेका बॅटरसाठी एकेक पिचर ही जुनी खेळी त्याने चालवली पण २०१२ चं बुलपेन तेव्हा उरलंच नव्हतं, त्या वर्षीचं बुलपेन सीझनभर मॅचेस घालवत होतं. पद्धत तीच, माणसं वेगळी.

नंतर टीम म्हातारी झाली, २०१७ ला ६४-९८, परत पराभवाच्या खात्यात भर. मधे हृदयाचा त्रासही झाला, प्रोसिजर झाल्या. २०१९ ला २००० वा विजय बोस्टनच्या फेनवे पार्कला मिळवला आणि सीझन संपल्यावर थांबला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या क्वालिफायरला फ्रान्सचा मॅनेजर होता, जन्मभूमी म्हणून. आणि पुढच्याच महिन्यात रेंजर्सने त्याला उचललं. तिथला जनरल मॅनेजर ख्रिस यंग, म्हणजे २००६ ला पाद्रेजमध्ये बोचीच्याच हाताखाली पिचिंग केलेला पोरगा, आता साहेब!

तीन वर्षांत खेळ बराच बदलला होता. रिलीव्हरने कमीत कमी तीन बॅटरना बॉल टाकायचाच (किंवा इनिंग संपवायची) हा नियम २०२० ला आला, म्हणजे लोपेझला एका डावऱ्या बॅटरपुरतं आणायची बोचीची आवडती चाल गेली. नॅशनल लीगमध्ये पिचर बॅटिंग करायचे त्यामुळे डबल स्विच (पिचरबरोबर आणखी एक खेळाडू एकदमच बदलणं) करावे लागायचे, तेही २०२२ पासून बंद. वर पिच क्लॉक, म्हणजे पिचरला बॉल टाकायला घड्याळ लावलेली वेळ. बऱ्याच जणांनी म्हटलं म्हातारा आता काय करणार. रेंजर्स आदल्या वर्षी ६८-९४ होते, २०२३ ला ९०-७२, शेवटच्या दिवशी हरून डिव्हिजन घालवली, वाइल्ड कार्डने (डिव्हिजन न जिंकलेल्यांसाठीच्या जागेवरून) आत आले, आणि पोस्टसीझनमध्ये बाहेरच्या मैदानावर अकराच्या अकरा मॅचेस जिंकले. सीगर, गार्सिया, इओव्हाल्डी असे खेळाडू होते, मालकाने पैसा ओतला होता, ते विसरू नका. पण बुलपेन तसं कच्चंच होतं. आणि शेवटची मॅच कोणाकडून संपवली? जॉश स्बोर्झ, रेग्युलर सीझनचा ईआरए ५.५०. त्याला सातव्या इनिंगला आणलं आणि शेवटचे सात आऊट त्यालाच घेऊ दिले. नियम बदलले तसा याने माणसाला जास्त वेळ ठेवायला सुरुवात केली. आणि गंमत म्हणजे २०१० ला ज्या टीमला हरवून पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तिलाच त्यांची पहिलीवहिली मिळवून दिली. त्यानंतर ७८-८४ आणि ८१-८१, मग रेंजर्सशी काडीमोड आणि परत जायंट्सकडे सल्लागार म्हणून.

आता ज्यांनी विचारलं त्यांचा मुलगा पण लिटल लीग खेळतो असं त्यांनी लिहिलंय, म्हणून थोडं कामाचं. पुढच्या वेळी टीव्हीवर मॅच बघाल तेव्हा पाचव्या-सहाव्या इनिंगला बॉलकडे बघू नका, कॅचरच्या ग्लोव्हकडे बघा. ग्लोव्ह जिथे धरलाय तिथून तो दरवेळी वर आणि पिचरच्या हाताच्या बाजूला ओढायला लागत असेल, दोन बॉलमध्ये पिचर टोपी सारखी करत वेळ काढत असेल, तर स्पीड गनवर आकडा तोच असला तरी माणूस दमलाय. चांगल्या मॅनेजरने त्या वेळेआधीच बुलपेनचा फोन उचललेला असतो, कारण रिलीव्हरला तयार व्हायला वेळ लागतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर मोजायलाच हवं, ११-१२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५ बॉलची मर्यादा आहे आणि ६६ च्या वर गेले की चार दिवस विश्रांती. कोच विसरला तर तुम्ही काठावरून मोजा, हातात पेन्सिल ठेवा, आणि कोपर दुखतंय असं मुलगा म्हणाला तर फायनल असली तरी त्याला बाहेर काढायला सांगा, कोचला राग आला तर येऊ दे.